छेदातील मूळ आणि पाटणचा मठ

चाळीसगावाहून नैर्ऋत्येस सोळा-अठरा किलोमीटर गेल्यावर डोंगररांगेच्या कुशीत जे पाटण लागते, आणि चंडिकेच्या देवळामुळे ज्याला सारा खानदेश आज पाटणादेवी ह्याच नावाने ओळखतो, तेथील भवानीच्या पडक्या देवळातला जो शिलालेख मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी १८६५ साली प्रकाशात आणला, तो खरे पाहता एका शाळेचा दाखला आहे. जुन्या शिलालेखांत देवळांना दिलेली इनामे पुष्कळ आढळतात, ब्राह्मणांना दिलेली अग्रहारे त्याहून अधिक. परंतु एका विशिष्ट ग्रंथकाराचे गणित पुढील पिढ्यांना शिकविले जावे एवढ्यासाठी मठ उभारावा आणि त्याच्या खर्चाची तजवीज दगडावर कोरून ठेवावी, हा प्रकार विरळाच. लेखाचा काळ शके ११२८, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाचा आरंभ. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेवाने हे दान दिले, आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव ह्याने ते पुढे कायम केले. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील जकातीपैकी काही हिस्सा, तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल, असा तपशील लेखाच्या शेवटी संस्कृत सोडून त्या काळच्या मराठीत दिलेला आहे. आणि तेही साहजिकच आहे, कारण घाणेवाल्याला आणि व्यापाऱ्याला जे समजणे अगत्याचे होते, ते त्यांच्या बोलीत लिहिणे भाग होते.

मठ स्थापन करणारा चांगदेव हा सिंघण यादवाच्या दरबारातील मुख्य ज्योतिषी. (तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांचे देऊळ आहे त्या योगी चांगदेवांशी ह्याची गल्लत करू नये, नावापलीकडे दोघांत काही साम्य नाही.) चांगदेवाचा पिता लक्ष्मीधर, आणि लक्ष्मीधराचा पिता भास्कराचार्य: शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मध्ये जन्मलेला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा करणारा. ह्याच घराण्याची दुसरी शाखा गिरणेकाठच्या बहाळ गावी दिसते. तेथील शके ११४४ च्या लेखात भास्कराचार्यांच्या भावाचा नातू अनंतदेव आपली वंशावळ सांगतो, आणि तोही सिंघणाचाच ज्योतिषी. भास्कराचार्यांनी स्वतः आपले गाव विज्जडवीड म्हणून दिले आहे, सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले. ते गाव नेमके कोणते ह्याविषयी विद्वानांत वाद आहे आणि तो मिटण्याचे लक्षण नाही. पाटणचा दावा बळकट आहे, एवढेच म्हणता येईल. काही वर्षे धुळ्यास शिक्षकाचा पेशा केलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांच्या १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ ह्या ग्रंथात भास्कराचार्यांविषयी जे विवेचन आहे, ते जिज्ञासूंनी अवश्य पाहावे. आपल्या प्रस्तुत विषयाला जन्मगावाचा निर्णय लागण्याची गरज नाही. पाटणच्या मठात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविले जावेत हा दानाचा हेतू लेखातच नमूद आहे. आणि त्या ग्रंथांपैकी ‘बीजगणित’ ह्या ग्रंथात असे एक प्रकरण आहे, की जे आज जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक माध्यमिक शाळेत नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिले जाते.

ते प्रकरण करणींचे. ज्या संख्येचे वर्गमूळ पुरे निघत नाही, त्या मुळाला करणी म्हणतात. चाराचे मूळ दोन, नवाचे तीन. पण दोनाचे मूळ काढू गेल्यास १.४१४२१३५६ असे आकडे निघत राहतात आणि कोठेही थांबत नाहीत, किंवा पुनरावृत्तीही करीत नाहीत. अशा मुळाचा दशांशांत उच्चार करणे म्हणजे काही भाग मुकाट्याने सोडून देणे होय. म्हणून गणिती त्याला तसेच मुळाच्या चिन्हाखाली ठेवतो आणि √२ असे लिहितो. भास्कराचार्यांपाशी हे चिन्ह नव्हते. ते संख्येच्या आधी ‘क’ लिहीत, पूर्णांकाच्या आधी ‘रू’ लिहीत, आणि ऋण संख्येच्या माथ्यावर एक टिंब देत. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर त्यांनी करणींची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ अशी सहाही कृत्ये मांडली आहेत.

बेरजेचे त्यांचे उदाहरण पाहावे. √२ आणि √८ ह्यांची बेरीज किती? मुळाखालच्या संख्यांची बेरीज १०. त्यांच्या गुणाकाराचे, म्हणजे १६ चे, मूळ ४, त्याची दुप्पट ८. दहात आठ मिळविले की १८, वजा केले की २. म्हणून बेरीज √१८ आणि वजाबाकी √२. आजचा विद्यार्थी हेच निराळ्या वाटेने करतो: √८ मधून चार हा पूर्ण वर्ग बाहेर काढला की २√२ उरतात, त्यांत एक √२ मिळविला की ३√२. नऊ पुन्हा आत नेले की √१८. दोन्ही वाटा एकाच मुक्कामाला पोहोचतात. √३ आणि √२७ ह्यांनाही हीच रीत लागू पडते. परंतु √३ आणि √७ ह्यांचे काय? एकविसाचे मूळ निघत नाही. म्हणून त्यांना वेगवेगळेच ठेवावे, असे आचार्य स्वच्छ सांगतात. जे एकत्र होत नाही ते बळेच एकत्र करू नये, हे परीक्षेत √३ + √७ चे √१० करून मोकळे होणाऱ्या मुलांना दर वर्षी नव्याने सांगावे लागते.

आता भागाकार. अडचण येथेच आहे आणि मौजही येथेच आहे. छेदात एकटी करणी असेल, उदाहरणार्थ १/√२, तर अंश आणि छेद दोहोंना √२ ने गुणावे. छेदात √२ × √२ म्हणजे २ येतात आणि अपूर्णांक √२/२ असा होतो. वर-खाली एकाच संख्येने गुणल्याने किंमत बदलत नाही, हे तिसरी-चौथीपासून ठाऊक असते. येथे केवळ तो गुणक हेतुपूर्वक निवडलेला असतो. परंतु छेदात दोन पदे असली, उदाहरणार्थ √५ + √३, तर त्याला त्यानेच गुणून काही साधत नाही, कारण गुणाकारात २√१५ हे मधले पद शिल्लक राहते. तेव्हा उपाय असा, की दोहोंपैकी एका करणीचे चिन्ह फिरवावे आणि जो नवा गुणक तयार होईल, म्हणजे √५ − √३, त्याने अंश व छेद गुणावे. बेरीज आणि वजाबाकी ह्यांच्या गुणाकारात मधली दोन पदे समान आणि विरुद्ध चिन्हांची असल्यामुळे एकमेकांना खाऊन टाकतात आणि वर्गांची वजाबाकी तेवढी उरते: ५ − ३ = २. छेद निष्कंटक झाला. पाठ्यपुस्तक ह्याला छेदाचे परिमेयीकरण म्हणते आणि त्या दोन पदावल्यांना अनुबद्ध जोडी म्हणते.

भास्कराचार्यांचा नियम शब्दशः हाच आहे. भाजकातील हव्या त्या एका करणीचे धन-ऋणत्व उलटावे, तशा भाजकाने भाज्य व भाजक दोन्ही गुणावे, आणि भाजकात एकच करणी उरेपर्यंत हे पुनःपुन्हा करावे. ही युक्ती त्यांनी निर्माण केली असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्या पाचशे वर्षे आधी, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त ती आलेली आहे. आपल्या मातीतल्या माणसाचे कौतुक करताना पहिलेपणाचा मान सरसकट त्यालाच बहाल करण्याची जी खोड आपल्याला लागली आहे, ती भास्कराचार्यांना स्वतःलाच रुचली नसती. पूर्वसूरींचे ऋण ते उघडपणे मानतात. त्यांचे श्रेय निराळे: मांडणीची सफाई आणि उदाहरणांची निवड.

त्यांचे एक उदाहरण सोडवून पाहण्याजोगे आहे. भाज्य √३०० − √२५६ आणि भाजक √२७ − √२५. येथे √२५६ म्हणजे १६ आणि √२५ म्हणजे ५ हे उघडच आहे. पण पूर्णांकालाही करणीच्या वेषात लिहून सगळ्यांना एकाच रांगेत बसविण्याची त्यांची पद्धत आहे. भाजकातील २५ चे चिन्ह फिरवून √२७ + √२५ हा गुणक घेतला. भाजक झाला २७ − २५ = २, म्हणजे करणीच्या भाषेत √४. भाज्यात चार गुणाकार होतात: √८१००, √७५००, आणि ऋण √६९१२, ऋण √६४००. ह्यांपैकी पहिला आणि शेवटचा म्हणजे ९० आणि ८०, त्यांची वजाबाकी १०, अर्थात √१००. मधले दोन म्हणजे ५०√३ आणि ४८√३, त्यांची वजाबाकी २√३, अर्थात √१२. आता √१०० आणि √१२ ह्यांना √४ ने भागावे: √२५ आणि √३. उत्तर ५ + √३. एवढ्या भयंकर दिसणाऱ्या अपूर्णांकाच्या पोटात एवढी सोज्ज्वळ संख्या दडलेली होती, हे पाहून विद्यार्थ्याला आनंद व्हावा असाच आचार्यांचा हेतू असला पाहिजे. कारण हे भाज्य त्यांनी आधीच्या गुणाकाराच्या उदाहरणातून हातचे घेतले आहे, आणि भागाकाराने ते पुन्हा मूळच्या गुण्यावर आणून सोडले आहे. जमाखर्चाची रुजवात घालावी तशी ही गुणाकाराची रुजवात होय.

हे सगळे कशासाठी, हा प्रश्न नववीच्या मुलाच्या मनात येतो आणि बहुधा अनुत्तरित राहतो. ‘छेदात रूट ठेवायचा नाही’ एवढा हुकूम त्याला मिळतो. हुकमामागचे कारण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून तेच उदाहरण दशांशांत करून पाहू. √३०० च्या जागी १७.३२ आणि √२७ च्या जागी ५.२० घेतले, म्हणजे दोन दशांश स्थळांपर्यंत आपण प्रामाणिक राहिलो. भाज्य १.३२, भाजक ०.२०, भागाकार ६.६०. परंतु खरे उत्तर ५ + १.७३२, म्हणजे ६.७३२. शेकडा दोनची तफावत आली कोठून? आकडे घेताना चूक नव्हती. √२७ ची खरी किंमत ५.१९६ आणि आपण घेतलेली ५.२०, फरक चार सहस्रांशांचा. पण ५.१९६ मधून ५ वजा केल्यावर जो लहानसा ०.१९६ उरतो, त्याच्या मानाने तोच फरक शेकडा दोनचा ठरतो, आणि भाजकात बसल्यामुळे तो सगळ्या भागाकाराला बाधतो. दोन जवळजवळच्या संख्यांची वजाबाकी करून तिने भागणे ही गणिताच्या हिशेबी सर्वांत धोक्याची गोष्ट, आणि परिमेयीकरणाने नेमकी तीच टळते.

दुसरे कारण श्रमाचे. गणकयंत्र आता प्रत्येक खिशात आले आहे. पण ज्या काळी भागाकार पाटीवर करावा लागे, त्या काळी १ ला १.४१४२१३५६ ने भागणे म्हणजे प्रत्येक अंकासाठी नऊ आकडी संख्येची पट अंदाजाने धरणे, वजा करणे आणि चुकले तर पुसून पुन्हा धरणे. उलट १.४१४२१३५६ ला २ ने भागणे हे तोंडी काम: ०.७०७१०६७८. शंभर मीटर कर्णाच्या चौरस शेताची बाजू काढणाऱ्या मोजणीदाराने १००/√२ ऐवजी ५०√२ लिहिले, की ७०.७१ मीटर हे उत्तर त्याच्या पुढ्यात येऊन पडते. आणि क्षेत्रफळ पाच हजार चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्यावरचा बरोबर अर्धा हेक्टर, हे तर मुळाच्या भानगडीत न पडताच कळते.

पाटणच्या मठातील विद्यार्थ्यांना शेतापेक्षा आकाश मोजायचे होते. ग्रहगणिताचा पाया म्हणजे ‘ज्या’ची, अर्थात त्रिज्येच्या मापात मांडलेल्या साइनची, कोष्टके, आणि त्यांत पंचेचाळीस अंशांची ज्या त्रिज्येला √२ ने भागून येते. जुन्या ज्योतिषात त्रिज्या ३४३८ धरीत. भागण्याऐवजी त्रिज्येचा वर्ग १,१८,१९,८४४ करावा, त्याचे अर्ध ५९,०९,९२२ घ्यावे आणि एकदाच मूळ काढावे: २४३१. छेदातला राक्षस मुळाखाली नेऊन साधा दोन केला, की काम एका मूळ-क्रियेवर येते.

भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’ ह्या ग्रंथात हाच विचार आणखी एका ठिकाणी येतो, आणि मला तो करणीच्या प्रकरणाहूनही देखणा वाटतो. काटकोन त्रिकोणाच्या दोन्ही भुजा सव्वातीन-सव्वातीन आहेत, कर्ण किती? वर्गांची बेरीज १६९/८. ह्याचे मूळ काढायचे म्हणजे तेराला √८ ने भागणे आले. आचार्य सांगतात: अंश आणि छेद ह्यांचा गुणाकार करा, १३५२, त्याला एखाद्या मोठ्या वर्गाने गुणा, येथे दहा हजाराने, १,३५,२०,०००, त्याचे जवळचे मूळ ३६७७, आणि मग त्याला छेदाच्या शंभर पटीने, म्हणजे ८०० ने भागा. उत्तर ४ आणि ४७७/८००. दशांशांत हे ४.५९६२५ होते, खरी किंमत ४.५९६१९. दशांश-चिन्हाचा प्रचार नसताना, हव्या तितक्या मोठ्या वर्गाने गुणून हवी तितकी सूक्ष्मता मिळविण्याची ही युक्ती आहे, आणि तिच्या मुळाशी √(अ/ब) च्या जागी √(अब)/ब लिहिणे, म्हणजे छेदाला मुळातून मोकळा करणे, हेच आहे.

तिसरे कारण ओळख पटण्याचे. एकाने ३/√१८ असे उत्तर लिहिले, दुसऱ्याने √(१/२), तिसऱ्याने √१८/६ आणि चौथ्याने १/√२, तर ही चारही एकच आहेत हे पाहताक्षणी कोणाच्या ध्यानात येईल? मुळाखाली पूर्ण वर्गाचा अवयव नको, मुळाखाली अपूर्णांक नको, छेदात मूळ नको, हे तीन शिरस्ते पाळले की चौघांचेही उत्तर √२/२ ह्याच रूपात येते. करणीला अतिसंक्षिप्त रूप देण्याचा जो अभ्यास शाळेत करून घेतात, √७२ चे ६√२ करा, √४५ चे ३√५ करा, त्याचा उपयोग येथे आहे. कारण ६√२ आणि ५√२ ह्यांची बेरीज मूल हसत करते, आणि √७२ व √५० पाहिले की गोंधळते.

छेदात तीन पदे असली तरी नियम डगमगत नाही. फक्त त्यातील ‘पुनःपुन्हा’ ह्या शब्दाला काम पडते. १/(१ + √२ + √३) घ्या. √३ चे चिन्ह फिरवून १ + √२ − √३ ने वर-खाली गुणले, तर छेद (१ + √२) चा वर्ग उणे ३, म्हणजे ३ + २√२ − ३, अर्थात २√२ एवढाच राहतो. आता √२ ने आणखी एकदा गुणले, की (२ + √२ − √६)/४. पहिल्या पावलाला √३ च निवडला हे चातुर्य; १ चे चिन्ह फिरवले असते तर छेदात ४ + २√६ अशी दोन पदे उरून श्रम वाढले असते. ‘हव्या त्या’ करणीचे चिन्ह उलटावे असे आचार्य म्हणतात तेव्हा निवड विद्यार्थ्यावर सोडतात, आणि निवड करता येणे हीच ह्या विषयातली खरी परीक्षा आहे.

एवढे सांगितल्यावर आजच्या शिकवण्याविषयी एक तक्रार नोंदविणे मला आवश्यक वाटते. १/√२ हे उत्तर चूक आहे, अशी समजूत मुलांच्या मनात रुजते, आणि ती खोटी आहे. ते उत्तर पूर्णपणे बरोबर आहे. फक्त नेहमीच्या रूपात नाही. इतकेच नव्हे, तर कधीकधी उलट दिशेने जाणे, म्हणजे छेदातले मूळ मुद्दाम निर्माण करणे, हेच शहाणपणाचे असते. √१०१ − १० ही वजाबाकी घ्या. √१०१ साठी १०.०५ धरले तर उत्तर ०.०५ येते आणि पुढचे सगळे अंक हातातून निसटतात. त्याऐवजी √१०१ + १० ने गुणून व भागून तिला १/(√१०१ + १०) असे रूप दिले, तर त्याच १०.०५ वरून १/२०.०५, म्हणजे ०.०४९८७५ मिळते, खरी किंमत ०.०४९८७५६. मूळ छेदात गेले आणि उत्तर सुधारले, कारण घातक वजाबाकीची जागा निरुपद्रवी बेरजेने घेतली. संगणकावर गणित चालविणारे लोक आज हे रूपांतर नित्य करतात, आणि करताना जे साधन वापरतात ते तेच: एका पदाचे चिन्ह फिरवावे आणि दोन्हीकडे गुणावे. फिरवायचे ते अंशातले की छेदातले, हे मात्र पुढ्यातल्या संख्या पाहून ठरवावे लागते.